यंत्र जुने, कर्ज मात्र नवे

छपाईचा धंदा म्हणजे शहरातील दोन-चार पेठांतून चालणारा, खिळे जुळविणाऱ्या आणि यंत्र ओढणाऱ्या कसबी लोकांचा धंदा, अशी जी समजूत एके काळी होती ती आता पार मोडली आहे. तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकासमोरच्या गाळ्यात फ्लेक्सचे फलक छापले जातात. शेजारच्या खोलीत सदऱ्यांवर क्रीडामंडळाची नावे उमटविली जातात. पलीकडे लग्नपत्रिका, मसाल्याच्या पुड्यांची वेष्टने, शाळांची ओळखपत्रे तयार होतात. ज्या तरुणाला नोकरी मिळत नाही आणि ज्याच्यापाशी वडिलोपार्जित दुकान नाही, त्याला स्वतःच्या हिमतीवर उभे राहण्याचा हा एक मार्ग आहे, आणि तो मार्ग त्याने धरावा ह्याचा आम्हांस आनंदच वाटतो. परंतु ह्या मार्गाच्या तोंडाशीच एक खड्डा आहे. नव्या यंत्राची किंमत ऐपतीबाहेरची असते, म्हणून तो जुन्या यंत्राकडे किंवा ज्याला व्यापारी 'डेमोचे यंत्र' म्हणतात त्याकडे वळतो. घरातले सोने तारण पडते, पतपेढीचे कर्ज निघते, आणि सहा महिन्यांनी यंत्र भिंतीशी उभे व हप्ता मात्र दाराशी उभा, असा देखावा पुष्कळ ठिकाणी दिसतो. ह्याबद्दल लिहिण्याची वेळ आली आहे.

प्रथमच सांगून टाकतो की, जुनी वस्तू घेणे ह्यात कमीपणा आहे किंवा ते मूर्खपणाचे आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. 1881 साली 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे ज्या आर्यभूषण छापखान्यातून निघाली, त्या छापखान्याची सामग्रीदेखील दुसऱ्याच्या हातची घेतलेली होती. त्यामुळे त्या पत्रांचे काही अडले नाही. पुढे ऑफसेटचे युग आले तेव्हा जर्मनी, जपान, चेकोस्लोव्हाकिया येथील वापरलेली यंत्रे हिंदुस्थानात आली, आणि शिवकाशीपासून पुण्या-कोल्हापुरापर्यंत अनेक छापखाने त्यांच्याच जोरावर उभे राहिले. त्यांतील कित्येक यंत्रांनी मालकाच्या दोन पिढ्या पोसल्या. मग आजच्याच गिऱ्हाइकाला आम्ही भीती का घालतो, असा प्रश्न कोणी विचारील तर तो रास्त आहे.

त्याचे उत्तर यंत्राच्या प्रकृतीत आहे. जुने ऑफसेट यंत्र हे लोखंडाचे होते. त्याचे रूळ झिजले तर पुन्हा रबर चढविता येत असे, बुश झिजला तर गावातला लेथवाला नवा कातून देत असे, आणि चिमटे, साखळ्या, दातेरी चाके ह्यांचा रोग अनुभवी मिस्त्रीला नुसत्या आवाजावरून कळत असे. ज्याने यंत्र विकत घेतले तो त्या यंत्राचा खराखुरा धनी होत असे. आजचे शाईफवाऱ्याचे किंवा टोनरचे यंत्र तसे नाही. त्यात लोखंड थोडे आणि परवाने फार. ते चालते ते संगणकातल्या आज्ञावलीवर, आणि ती आज्ञावली पुष्कळदा एका चिमुकल्या कळीला किंवा मूळ खरेदीदाराच्या नावाला जखडलेली असते. शाईच्या डब्यावर चिप असते. एका देशाकरिता बनविलेल्या यंत्राला दुसऱ्या देशात विकली जाणारी शाई चालत नाही असेही प्रकार आढळतात. दुरुस्तीच्या पडद्याला परवलीचा शब्द असतो आणि तो कंपनीच्या माणसापाशी असतो. त्या जातीचे यंत्र बनविणे थांबले की काही वर्षांनी त्याचे सुटे भागही बंद होतात, आणि मग वरून नवेकोरे दिसणारे यंत्र एका विद्युत्-पट्टीकरिता भंगारात जाते. सारांश, गिऱ्हाईक पैसे मोजून जे घरी नेतो ते यंत्राचे शरीर. ते चालविण्याचा अधिकार तिसऱ्याच्याच हाती राहतो. जुन्या यंत्राच्या व्यवहारातील मुख्य धोका त्याच्या वयात नाही, ह्या परस्वाधीनतेत आहे, हे एकदा नीट ध्यानात घेतले म्हणजे पुढची सगळी सावधगिरी आपोआप सुचते.

शाईफवाऱ्याच्या यंत्राचा जीव म्हणजे त्याचे हेड. त्यात केसाहून बारीक अशी शेकडो छिद्रे असतात, आणि यंत्र रोज चालते आहे तोवरच ती मोकळी राहतात. चार आठवडे यंत्र बंद राहिले की शाई आत सुकते. मग कितीही धुतले तरी काही छिद्रे कायमची बुजतात आणि छापात पांढऱ्या रेघा पडतात. कपड्यांवर छापणाऱ्या यंत्रांत पांढरी शाई असते, तिचा तर विशेषच जाच. तिला पांढरेपणा देणारे टायटॅनियम डायॉक्साइड जड असल्यामुळे ती ढवळली नाही तर तो साका तळाशी, नळ्यांत आणि हेडात बसतो. आता वाचकांनीच विचार करावा की, विकायला काढलेले यंत्र म्हणजे बहुधा काम नसल्यामुळे बंद पडून राहिलेले यंत्र. मालकाचा धंदा मंदावला, यंत्र तीन महिने झाकून ठेवले, मग गिऱ्हाईक मिळाले तेव्हा दलालाने धुण्याच्या द्रवाने हेड तात्पुरते साफ केले आणि एक छाप काढून दाखविला! तो छाप सुंदरच येणार. पंधरा दिवसांनी काय होईल ते त्या छापावर लिहिलेले नसते. आणि हेडाची किंमत अशी की, दोन हेड बदलावे लागले तर जुन्या यंत्रात वाचविलेल्या पैशाचा मोठा लचका तेथेच तुटतो.

टोनरच्या यंत्रांची गोष्ट थोडी निराळी. ती मोठमोठ्या कचेऱ्यांतून व छपाईगृहांतून कराराची मुदत संपल्यावर बाहेर पडतात. तोवर त्यांची निगा कंपनीचा माणूस राखीत असतो आणि मालक दर छापामागे ठरलेला आकार देत असतो. ड्रम, पट्टा, फ्यूजर हे भाग त्या आकारातच बदलून मिळतात. करार संपला की हे छत्र गेले. नव्या मालकाला कंपनी पुन्हा करार देईल का, दिला तर यंत्र आधी स्वतःच्या खर्चाने सुस्थितीत आणावे लागेल का, हे प्रश्न व्यवहारापूर्वी विचारणारा शंभरांत एखादाच. छापांचा काउंटर पाहून पुष्कळजण समाधान पावतात. काउंटर पाहावाच, यंत्राच्या पोटातला अहवाल कागदावर छापून घ्यावा. पण विद्युत्-पट्टी बदलली म्हणजे काउंटरही बदलू शकतो, म्हणून त्या आकड्याचा मेळ रुळांच्या झिजेशी आणि सर्व्हिसच्या जुन्या पावत्यांशी बसतो की नाही हे जाणत्याकडून तपासून घेतले पाहिजे.

डेमोच्या यंत्राविषयी तर लोकांत एक भोळी श्रद्धाच आहे. 'दुकानात नुसते दाखवायला ठेवले होते, साहेब, वापरलेले नाही,' हे वाक्य ऐकले की गिऱ्हाइकाचे डोळे लकाकतात. परंतु दाखवायला ठेवलेले यंत्र म्हणजे काय? ते प्रदर्शनातून प्रदर्शनात मालमोटारीने हिंडते. प्रत्येक ठिकाणी घाईने खोलले व घाईने बांधले जाते. पन्नास हातांनी त्यावर पन्नास तऱ्हेचे कागद चढविलेले असतात. एक दिवस दहा तास चालते आणि मग महिनाभर थंड पडते. घरगुती बैलाला ठरलेले काम व ठरलेला चारा असतो. बाजारोबाजार फिरविलेल्या बैलाला दोन्ही नसतात. काही वेळा तर डेमोचे यंत्र हे त्या जातीतील अगदी पहिल्या घडणीचे असते, आणि त्यातील जे दोष नंतर दुरुस्त झाले ते त्यात तसेच राहिलेले असतात. शिवाय हमीची मुदत कोणत्या दिवसापासून मोजावयाची? गिऱ्हाइकाच्या घरी बसविल्यापासून, की दुकानात पेटी फोडली तेव्हापासून? विक्रेता तोंडी पहिला दिवस सांगतो, आणि कंपनीच्या दप्तरी अनेकदा दुसरा दिवस असतो. डेमोचे यंत्र चांगलेही निघते, नाही असे नाही. विक्रेता स्वतः बारा महिन्यांची हमी लेखी देत असेल आणि कंपनीचा त्यास लेखी दुजोरा असेल तर ते अनोळखी हातच्या जुन्या यंत्रापेक्षा आम्ही केव्हाही पसंत करू. पण 'वापरलेले नाही' ह्या दोन शब्दांची किंमत शून्य समजावी.

परीक्षा कशी घ्यावी ह्याबद्दल आमच्या ओळखीचे अनुभवी मुद्रक एकच युक्ती सांगतात, आणि ती आम्हांस फार मार्मिक वाटते. यंत्र आदल्या रात्रीपासून बंद ठेवावयास सांगावे व सकाळी आपल्या डोळ्यांसमोर सुरू करावयास लावावे. गरम यंत्र खोटे बोलते. थंड यंत्राला ती सोय नसते. छापण्याची फाइल आपली, कागद किंवा कापड आपले, आणि वेग तो की ज्या वेगाने आपण पुढे धंदा करणार. विक्रेता मंद वेगाने, चार वेळा फिरवून, स्वतःच्या चकचकीत कागदावर जो मोराचा पिसारा छापून दाखवितो त्याला भुलू नये. ऑफसेट असेल तर सबंध रंगाचा पट्टा छापून आडव्या रेघा उमटतात का ते पाहावे, आणि तोच कागद पुन्हा यंत्रातून काढून दुसरा छाप पहिल्यावर तंतोतंत बसतो का ते भिंगाने पाहावे. एक तास सलग चालू द्यावे. ज्या विक्रेत्याला ह्या एका तासाची अडचण वाटते त्याचे दुकान सोडावे.

पैशाचा हिशेबही एकदा मांडून पाहू. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. वाचकांनी आपापले घालावेत. समजा नवे यंत्र 12 लाखांचे आणि जुने 5 लाखांचे. बचत 7 लाख, म्हणून गिऱ्हाईक खुशीत. वर्षभरात दोन हेड बदलावे लागले, 2 लाख गेले. पंप, झडपा, पट्ट्या आणि शहरातून येणाऱ्या कारागिराच्या खेपा, 75 हजार. छापण्याची आज्ञावली मूळ मालकाच्या नावावर होती म्हणून नवी घ्यावी लागली, 60 हजार. चाचणीत वाया गेलेली शाई व माल, 40 हजार. वाहतूक व बसवणूक, 25 हजार. हे झाले 4 लाख. ह्याशिवाय यंत्र पंचेचाळीस दिवस बंद राहिले आणि दररोज अडीच हजारांची प्राप्ती बुडाली, म्हणजे आणखी 1,12,500. सातांतले उरले 1,87,500. तीन वर्षांनी विकावयाची पाळी आली तर नव्याने घेतलेल्या यंत्राला तेव्हा चार-पाच लाख येतील, आणि ह्या यंत्राला भंगारवाल्याशिवाय गिऱ्हाईक नसेल. बचत गेली कोठे? आणि ज्याची लग्नपत्रिका लग्नाच्या आदल्या दिवशी छापून झाली तो पाहुणा पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही, हा तोटा तर कोणत्याच वहीत लिहिता येत नाही. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: दुसऱ्या चालू यंत्राच्या जोडीला, पडत्या काळाचा आधार म्हणून, जुने यंत्र घेणाऱ्याचा हिशेब असा वाकडा जात नाही. ज्याचे सर्व पोट एकाच यंत्रावर आहे त्याची गोष्ट आम्ही करीत आहोत. दुर्दैव असे की जुने यंत्र घेतो तो बहुधा हाच.

आता कायद्याकडे वळू. कारण फसगत झाली म्हणजे लोक वकिलाकडे धावतात आणि तेथे त्यांना दुसरा धक्का बसतो. मालविक्रीचा कायदा 1930 सालचा आहे आणि आजही तोच चालतो. त्याच्या सोळाव्या कलमाचा मूळ रोख असा की, मालाच्या गुणाबद्दल किंवा उपयुक्ततेबद्दल कोणतीही गर्भित हमी नाही. गिऱ्हाइकाने आपले डोळे उघडे ठेवावेत. ह्याला अपवाद आहेत. आपणास यंत्र कोणत्या कामासाठी हवे ते विक्रेत्याला कळविले, त्याच्या जाणतेपणावर विसंबून घेतले, आणि तशा मालाचा त्याचा धंदाच असला, तर यंत्र त्या कामास योग्य असले पाहिजे. परंतु अमुक छापाचे, अमुक नावाचे ठरावीक यंत्र मागून घेतले तर हा अपवाद ढिला पडतो. वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य असला पाहिजे असा दुसरा अपवाद आहे. पण तेथे अशी मेख आहे की, गिऱ्हाइकाने माल तपासला असेल तर त्या तपासणीत जे दोष दिसावयास हवे होते त्यांच्याबद्दल पुढे तक्रार चालत नाही. म्हणजे दहा मिनिटे यंत्राभोवती फिरून 'ठीक आहे' म्हणणारा मनुष्य स्वतःच्या हाताने आपला हक्क कमी करून घेतो! तपासावयाचे तर जाणत्याकडून पुरते तपासावे; अर्धवट तपासणी ही सर्वांत महाग पडते.

त्यावर पावतीवरचे ते सहा शब्द: 'जसे आहे तसे, जेथे आहे तेथे.' बासष्टाव्या कलमाप्रमाणे उभयपक्षी करार करून गर्भित हक्क काढून टाकता येतात, आणि हे सहा शब्द त्याचसाठी छापलेले असतात. उघड खोटे सांगून फसविले असेल तर 1872 च्या करार-कायद्याचा आश्रय आहे. परंतु नुसते गप्प राहणे हे सामान्यतः लबाडीत मोडत नाही, आणि साध्या चौकशीने जे कळले असते ते न विचारल्याचे खापर गिऱ्हाइकाच्याच माथी फुटते. म्हणून आमचे सांगणे असे की, प्रश्न तोंडी विचारूच नयेत. हेड कधी बदलले, यंत्र किती दिवस बंद होते, आज्ञावलीचा परवाना हस्तांतर होतो काय, काउंटर किती आहे, यंत्रावर कोणाचे कर्ज आहे काय, हे लेखी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. मोबाइलवरच्या संदेशातले उत्तरही जपून ठेवावे. मग विक्रेता गप्प राहिला नाही, त्याने उत्तर दिले, आणि ते खोटे असेल तर न्यायालयात त्याला मोजावे लागेल.

कर्जाचा मुद्दा आम्ही शेवटी घातला खरा, पण महत्त्वाने तो पहिला आहे. पुष्कळ यंत्रे बँकेला नजरगहाण असतात. विकणाराचा हक्क जेवढा, तेवढाच घेणाराला मिळतो, हा विक्रीच्या कायद्याचा पाया आहे. सबब बँकेचे देणे न फेडता विकलेले यंत्र उद्या बँकेचा माणूस येऊन उचलून नेऊ शकतो. विक्रेता कंपनी असेल तर तिच्यावरील बोजांची नोंद कंपनी-निबंधकाच्या दप्तरी पाहावयास मिळते, आणि तारणांच्या मध्यवर्ती नोंदणीतही अल्प शुल्कात शोध घेता येतो. बँकेचा 'देणे नाही' असा दाखला मूळ बिलासह मागावा. परदेशातून आलेल्या जुन्या प्रतयंत्रांबाबत व बहुउपयोगी छपाईयंत्रांबाबत आणखी एक प्रश्न विचारावा: आयातीचा परवाना कोठे आहे? अशी वापरलेली यंत्रे सरकारच्या खास परवान्यावाचून आणता येत नाहीत, आणि स्वस्ताईचे कारण कधी कधी तेवढेच असते.

ग्राहक-न्यायालयाचे दार लहान छापखानदाराला बंद आहे असे जे सर्रास सांगितले जाते ते मात्र पूर्ण खरे नव्हे. व्यापारी हेतूने घेतलेल्या मालाचा खरेदीदार हा कायद्याने 'ग्राहक' नाही हे खरे. पण जो स्वयंरोजगाराने केवळ आपली उपजीविका चालविण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरतो त्याला 2019 च्या कायद्याने वगळलेले नाही. पूर्वीच्या कायद्याखाली 1995 साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ह्याचा उलगडा केला: लेथ किंवा तसले यंत्र घेऊन जो स्वतः चालवितो, मदतीला एखाद-दुसरा मनुष्य ठेवतो, तो ग्राहकच. त्या खटल्यातील खरेदीदार हरला, कारण त्याचा कारखाना मोठा ठरला. तत्त्व मात्र लहानांच्या उपयोगी पडले. म्हणून खरेदीच्या कागदावर 'स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः चालविण्यासाठी' एवढा मजकूर खरा असेल तर अवश्य घालावा.

परंतु सगळा भार एकट्या गिऱ्हाइकावर टाकून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. मुद्रकांचे संघ शहरोशहरी आहेत. संमेलने भरतात, सत्कार होतात, स्मरणिका निघतात. जुन्या यंत्राच्या विक्रीचा एक सर्वमान्य नमुना-करार आणि यंत्राचा तपासणी-तक्ता एवढे त्यांनी मराठीत छापून काढले तर स्मरणिकेपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. छपाईला तर त्यांना बाहेर जावे लागणार नाही. सरकारचेही काम आहे. दुरुस्तीच्या हक्काविषयी केंद्र सरकारने 2022 साली समिती नेमली व एक संकेतस्थळ उघडले; शेतीची अवजारे, मोबाइल व तत्सम उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारगाड्या ही चार क्षेत्रे त्यात घेतली. ज्यावर मनुष्य पोट भरतो ती लहान धंद्याची यंत्रे त्यांत नाहीत. धुण्याच्या यंत्राचा भाग मिळावा म्हणून हक्क, आणि छपाईच्या यंत्राचा मिळावा म्हणून मात्र कंपनीची कृपा, हा न्याय आमच्या समजुतीपलीकडचा आहे. एके काळी वृत्तपत्रे छापणारी प्रचंड वेब-ऑफसेट यंत्रे कोल्हापुरात घडली. ज्या देशाच्या कारागिरांनी ती घडविली त्या देशातील मुद्रकाने परक्या कंपनीच्या परवलीच्या शब्दासाठी हात जोडून उभे राहावे, हे आम्हांस सहन होत नाही. यंत्र विकल्यावर त्याचे सुटे भाग, शाई आणि दुरुस्तीची माहिती ठरावीक वर्षे पुरविण्याचे बंधन कंपन्यांवर असावे, आणि परवाना नव्या मालकाच्या नावे करून देण्यास त्यांस नकार देता येऊ नये.

ज्यांची खरेदी होऊन चुकली आहे त्यांनी दोष दिसताच विक्रेत्याला लेखी कळवावे. 'बघू, करून देतो' ह्या आश्वासनावर महिने घालवू नयेत. माल वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला म्हणजे तो स्वीकारला असे धरले जाते, आणि मग यंत्र परत करण्याचा हक्क जाऊन नुकसानभरपाई तेवढी मागता येते. ग्राहक-आयोगापुढे जाण्यास तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आणि दिवाणी दाव्यास सामान्यतः तीन वर्षे एवढीच मुदत आहे. नोटीस स्पीड पोस्टाने धाडावी, तिची पोच ठेवावी, आणि बिघडलेला छाप तारखेनिशी जपून ठेवावा.